दोरीचा ताण

कोकणातील एखाद्या गावाच्या टोकाला काळा कातळ समुद्रात शिरलेला असतो. भरतीच्या वेळी त्याच्या तिन्ही बाजूंनी पाणी उसळत असते. अशा कातळावर, कालवांच्या धारदार कवचांतून पाय सांभाळीत, एक माणूस हातात लांब काठी घेऊन उभा असतो. बराच वेळ काही घडत नाही. मग एकाएकी काठीचे टोक पाण्याकडे वाकते, रीळ करकर वाजू लागते आणि दोरी सरसरत समुद्रात जाऊ लागते. आमिष कोणा मोठ्या माशाने घेतलेले आहे. पाहणाऱ्याला वाटते की, आता हा माणूस दोरी गच्च धरील आणि मासा खेचून घेईल. परंतु तो तसे काहीच करीत नाही. तो काठी उभी धरतो, पाय रोवतो आणि दोरी खुशाल जाऊ देतो.

गळाला कोकणात 'गरी' म्हणतात आणि गळाने मासे पकडण्याला 'गरवणे' म्हणतात. गरवण्याच्या कामात आमिष लावणे, गळ दूर फेकणे, वाट पाहणे ही सारी कौशल्ये आहेतच. पण खरी परीक्षा मासा लागल्यानंतर होते, आणि ती परीक्षा माणसाच्या बळाची नसते. ती असते दोरीवरील ताण किती ठेवावा, केव्हा वाढवावा आणि केव्हा सोडावा हे ओळखण्याची.

प्रथम एक कोडे पाहू. दोरी विकत घेताना तिच्या वेष्टनावर आकडा छापलेला असतो. दहा किलोग्रॅम असा आकडा असेल तर त्याचा अर्थ असा की, साधारण तेवढे वजन टांगले असता ती दोरी तुटण्याच्या बेतास येते. मग अशा दोरीने पंधरा किंवा वीस किलोग्रॅमचा मासा कसा पकडता येतो?

ज्याने विहिरीतून कळशी शेंदली आहे त्याला याचे अर्धे उत्तर ठाऊक असते. भरलेली कळशी पाण्याच्या आत असेपर्यंत हलकी वाटते. ती पाण्याबाहेर येताच हाताला हिसका बसतो. पाण्यात बुडालेल्या वस्तूला पाणी वर उचलून धरते, हा आर्किमिडीजचा सिद्धांत शाळेत शिकविला जातो. पुष्कळ माशांच्या पोटात तर वाताशय नावाची हवेची पिशवी असते आणि तिच्या योगाने मासा पाण्यात जवळजवळ वजनरहित होऊन तरंगतो. म्हणून पाण्यातील माशाचे वजन दोरीवर पडत नाही. दोरीवर पडते ते त्याच्या पोहण्याचे बळ.

हे बळही दोरी तोडण्यास पुरेसे ठरते, ते बहुधा झटक्यामुळे. शिवणाचा दोरा दोन्ही हातांत धरून हळूहळू ओढला तर तो पुष्कळ ताण सोसतो; तोच दोरा थोडा सैल सोडून एकदम हिसडला की तटकन तुटतो. वेगाने पळणारा मासा बांधलेल्या दोरीच्या शेवटास येऊन पोहोचला की त्याची सारी गती क्षणार्धात थांबावी लागते, आणि गती जितक्या थोड्या अंतरात थांबवावी तितका ताण मोठा. क्षेत्ररक्षक वेगाने आलेला चेंडू झेलताना हात मागे घेतो, तो याच कारणाने. संक्रांतीच्या दिवसांत पतंग उडविणाऱ्या मुलांना तर हे सांगावयासच नको. वाऱ्याचा झोत आला की ती मांजा घट्ट धरीत नाहीत, ढील देतात. आणि वारा मंदावला की पुन्हा फिरकीवर गुंडाळून घेतात. खडकावरचा माणूसही ढीलच देत असतो. फरक एवढाच की, त्याचा पतंग पाण्याखाली असतो, आणि त्याला स्वतःची अक्कल असते.

मात्र ढील म्हणजे मोकळीक नव्हे. दोरी अगदी सैल पडली तर दुसरेच संकट ओढवते. माशाच्या तोंडात गळ रुतलेला राहतो तो दोरीच्या ताणामुळे. गळाला उलटा काटा असतो खरा. तथापि धडपडीत माशाच्या ओठाला पडलेले भोक मोठे होत जाते, आणि दोरी सैल होताच त्यातून गळ निसटून पडतो. मासा पळताना दोरी तुटते म्हणून गेलेले मासे पुष्कळ. पण तो किनाऱ्याकडे वळला तेव्हा दोरी वेळेवर गुंडाळली गेली नाही म्हणून गेलेलेही थोडे नसतात. दोरी सदैव ताणलेली हवी, पण तुटण्याइतकी कधीच नको. या दोन मर्यादांच्या मधली वाट अरुंद आहे.

ही वाट सांभाळण्यासाठी रिळात एक युक्ती केलेली असते. दोरी ज्या चाकावर गुंडाळलेली असते, त्याला लागून काही चकत्या एकमेकींवर दाबून बसविलेल्या असतात. एक मळसूत्र पिळले की त्या अधिक दाबल्या जातात आणि चाक जड फिरते. उलट पिळले की सैल फिरते. या योजनेला 'ड्रॅग' म्हणतात. आपण तिला रोध म्हणू. रोध तीन किलोग्रॅमवर ठेवला तर माशाने तीनपेक्षा कमी जोर लावला असता दोरी सुटत नाही. त्याहून अधिक जोर लावला की चाक फिरते, दोरी सुटते आणि ताण फारसा वाढत नाही. शिवाय सुटणाऱ्या प्रत्येक वावेबरोबर माशाला तेवढे ओझे ओढावे लागते आणि तो दमत जातो.

दहा किलोग्रॅमच्या दोरीला रोध मात्र तीन किंवा त्याहूनही कमी, असे का? कारण वेष्टनावरचा आकडा हा कोऱ्या, सरळ, गाठ नसलेल्या दोरीचा असतो. गळ बांधण्यासाठी गाठ मारली की त्या जागी दोरी दुबळी होते. नायलॉनची दोरी पाणी शोषून घेते आणि ओली झाल्यावर तिची ताकद आणखी उतरते. काठीवरील कड्यांतून जाताना तिला घर्षण होते. पाण्यात पसरलेल्या लांब दोरीला स्वतः पाणीच अडविते. हा सगळा अधिक ताण माशाकडच्या टोकावर पडतो. म्हणून जाणते लोक रोध दोरीच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाइतका ठेवतात. तोही अंदाजाने नव्हे. घरून निघण्यापूर्वी दोरीचे टोक ताणकाट्याला बांधावयाचे, काठी वाकेल अशी धरावयाची, दुसऱ्या माणसाने काटा ओढावयाचा आणि कोणत्या आकड्याला रीळ फिरू लागते ते पाहावयाचे.

आता एक गोष्ट अशी आहे की, ती ध्यानात न आल्यामुळे नवशिका माणूस हमखास मासा गमावतो. समजा, दोरीने भरलेल्या चाकाची त्रिज्या चार सेंटिमीटर आहे आणि रोध तीन किलोग्रॅमवर आहे. मासा दोरी नेत नेत चाक इतके रिकामे करतो की त्रिज्या दोनच सेंटिमीटर उरते. चकत्यांचा दाब पूर्वीइतकाच आहे. मळसूत्राला कोणी हात लावलेला नाही. तरीही चाक फिरविण्यास आता सहा किलोग्रॅमचा ताण लागतो. याचे कारण समजून घेण्यास दाराशी जावे. दार कडेला ढकलले तर बोटानेही उघडते. बिजागरीजवळ ढकलले तर त्यासाठी पुष्कळ जोर लागतो. चाकाच्या मध्याजवळून ओढणारी दोरी ही बिजागरीजवळ ढकलणाऱ्या हातासारखी असते. त्यातच पाण्यात दूरवर गेलेल्या दोरीचा अडथळा वाढलेला असतो. म्हणजे दोरी संपत आली की ताण आपोआप दुपटीने वाढलेला असतो, आणि नेमक्या त्याच वेळी घाबरलेला नवशिका 'आता दोरी संपणार' म्हणून मळसूत्र आणखी आवळतो. दोरी तुटते. ज्याला हे गणित ठाऊक आहे तो त्या क्षणी रोध किंचित सैल करतो. पाहणाऱ्याला ते वेडेपणाचे वाटते. पण ते बरोबर असते.

काठीचे कामही समजून घेण्यासारखे आहे. ती केवळ गळ दूर फेकण्यासाठी नसते. काठी माशाच्या ओढीशी मोठा कोन करून धरली की ती धनुष्यासारखी वाकते. माशाने डोके झटकले की थोडी अधिक वाकते, तो थांबला की थोडी सरळ होते. चकत्या फिरण्यापूर्वीचा जो पहिला हिसका असतो तो अशा रीतीने काठी स्वतः पिऊन टाकते. काठी सरळ माशाच्या दिशेने रोखली तर हा सारा लाभ जातो. उलट, मासा पायाशी आला असता ती डोक्यामागे फार नेली तर टोकाशी एका ठिकाणी दुमडून काडकन मोडते.

काठी दोरीवर दया करते, पण धरणाऱ्यावर करीत नाही. तीन मीटर लांबीच्या काठीचा बुंधा कमरेला टेकवलेला आणि पुढचा हात बुंध्यापासून साठ सेंटिमीटरवर आहे असे धरले, तर टोकाशी असलेल्या तीन किलोग्रॅमच्या ओढीसाठी त्या हाताला पंधरा किलोग्रॅमइतका जोर लावावा लागतो. काठी वाकली की तिची उपयोगी लांबी घटते आणि भार थोडा कमी होतो, एवढाच काय तो दिलासा. अर्ध्या तासाच्या झुंजीनंतर चांगल्या धट्टयाकट्ट्या माणसाचे दंड थरथरू लागतात ते उगीच नव्हे.

मासा दमू लागला की त्याला जवळ आणावयाचे. ते रिळाची मूठ गरगरा फिरवून आणता येत नाही. चाक घसरत असताना मूठ फिरवीत राहिले तर काही जातींच्या रिळांत दोरीला नुसता पीळ पडत जातो. काठी सावकाश वर उचलावी, म्हणजे मासा तेवढा पुढे सरकतो. मग ती खाली आणता आणता मोकळी होणारी दोरी गुंडाळून घ्यावी, आणि तसे करताना ताण सुटू देऊ नये. ओढताना काठीने, गुंडाळताना रिळाने, अशी ही कामाची वाटणी आहे.

प्रत्येक मासा सारखाच वागत नाही. तांबोशी आमिष घेताच खडकाच्या कपारीकडे धाव घेते. हेकरू तर आपल्या बिळात शिरून बसतो. अशा माशांना पहिल्या धावेतच अडवावे लागते. तेथे जाड दोरी आणि घट्ट रोध हवा, कारण एकदा दोरी कातळावर घासली की तिची ताकद कितीही असली तरी उपयोग नाही. खाडीच्या तोंडाशी मिळणारा जिताडा पाण्याबाहेर उसळी घेतो आणि हवेत डोके झटकतो. पाण्यात वजनरहित असलेला मासा हवेत आला की त्याचे सारे वजन जागे होते. म्हणून त्या वेळी काठी क्षणभर त्याच्याकडे झुकवितात. त्याच्या कल्ल्यांवरील झाकणाची कडही धारदार असते आणि तिच्यावर दोरी घासली तर कापली जाते. पाकट तळाला चिकटून बसते. तिला उठविण्यासाठी बाजू बदलून आडवी ओढ द्यावी लागते.

रिळे येण्यापूर्वी हे सर्व नुसत्या हाताने होत असे आणि आजही अनेक जण नुसत्या हातदोरीने गरवतात. दोरी कातळावर वेटोळे करून ठेवलेली असते, आणि रोधाचे काम तर्जनी व अंगठा करतात. सुटत्या दोरीने कातडी भाजते, म्हणून बोटांना चिंध्या गुंडाळतात. या प्रकारात एक नियम कडक आहे : दोरी हाताला वेढून कधीही धरू नये आणि वेटोळ्यात पाय ठेवू नये. मोठा मासा एकदम धावला तर वेढा आवळतो, बोट कापले जाते, आणि निसरड्या कातळावरचा माणूस पाण्यात जातो. मासा गेला तर दुसरा मिळतो.

अमेरिकन लेखक अर्नेस्ट हेमिंग्वे यांनी १९५२ साली प्रसिद्ध केलेल्या एका कादंबरीत हातदोरीची अशीच झुंज आहे. पु. ल. देशपांडे यांनी 'एका कोळियाने' या नावाने ती १९६५ साली मराठीत आणली. त्यातील म्हाताऱ्या कोळ्याच्या गळाला होडीहूनही लांब मासा लागतो. दोरी होडीला बांधून टाकली तर माशाच्या हिसक्याने ती तुटेल हे म्हातारा जाणतो. म्हणून तो ती पाठीवरून घेऊन स्वतः धरून बसतो आणि त्याच्या तळहाताला जखमा होतात. पण त्याला एक सोय होती, ती खडकावरच्या माणसाला नसते. मासा ओढू लागला की होडीच त्याच्यामागे जात असे. होडीचे जाणे हीच ढील होती. कातळ हलत नाही. किनाऱ्यावरून गरवणाऱ्याने द्यावयाची सारी ढील रिळातून, काठीतून आणि स्वतःच्या पायांनी द्यावी लागते. वाळूचा किनारा असला तर तो माशाच्या दिशेने चालत जातो आणि तेवढी दोरी परत मिळवितो. खडक असला तर तेही साधत नाही.

या विद्येने काय साधते याचे एक उदाहरण अमेरिकेतच घडले. २१ सप्टेंबर १९८२ रोजी न्यू जर्सी राज्यातील अटलांटिक सिटी येथे, वादळी हवेत, समुद्रात बांधलेल्या दगडी बांधावरून अल्बर्ट मॅकरेनॉल्ड्स यांनी एक पट्टेरी बास मासा पकडला. त्यांची दोरी वीस पौंडांच्या, म्हणजे सुमारे नऊ किलोग्रॅमच्या वर्गातील होती. मासा भरला साडेअठ्ठ्याहत्तर पौंड, म्हणजे साडेपस्तीस किलोग्रॅमहून थोडा अधिक. दोरीच्या ताकदीच्या जवळजवळ चौपट. झुंज तासाहून अधिक वेळ चालली. खवळलेल्या लाटा, ओले दगड, आणि तितका वेळ तो ताण ना वाढू द्यावयाचा ना तुटू द्यावयाचा! या जातीच्या माशांत हा जागतिक विक्रम २०११ सालापर्यंत टिकला. त्याआधी, १४ जून १९६४ रोजी, दक्षिण कॅरोलायना राज्यातील चेरी ग्रोव्ह येथील धक्क्यावरून वॉल्टर मॅक्सवेल यांनी गळाने पकडलेली वाघासारख्या पट्ट्यांची मुशी १,७८० पौंडांची, म्हणजे ८०७ किलोग्रॅमची होती.

मासा किनाऱ्याशी येतो तेव्हा पाहणारे टाळ्या वाजवू लागतात. परंतु झुंजीतील अत्यंत धोक्याची घटका हीच. दोरी आता आखूड झालेली असते. नायलॉनची लांब दोरी रबराप्रमाणे थोडी ताणली जाते आणि हिसके सोसते. चार वाव दोरीत तो गुण फारसा उरत नाही. पॉलिएथिलीनच्या बारीक तंतूंची, वेणीसारखी गुंफलेली नवी दोरी तर मुळीच ताणली जात नाही म्हटले तरी चालेल. ती वापरणाऱ्याने येथे विशेष जपावे. शिवाय माणूस आणि किनारा दिसताच दमलेला मासाही एक शेवटची धाव घेतो.

त्यात लाटांची भर पडते. लाट किनाऱ्याकडे येते तेव्हा ती माशाला आपण होऊन पुढे आणते. त्या वेळी भराभर दोरी गुंडाळावी. लाट मागे फिरली की माशाच्या ओढीत पाण्याची ओढ मिसळते, आणि ती माणसाच्याने थांबविली जात नाही. त्या वेळी दोरी द्यावी आणि पुढच्या लाटेची वाट पाहावी. अखेरची मोठी लाट पाहून तिच्याबरोबर मासा शक्य तितका वर घ्यावा आणि पाणी ओसरले की तो खडकाच्या खळग्यात किंवा वाळूवर राहील असे करावे. तेथून पुढे त्याला दोरीने उचलावयाचे नाही. विहिरीतील कळशी येथे पुन्हा आठवावी : बारा किलोग्रॅमचा मासा पाण्याबाहेर खरोखरच बारा किलोग्रॅमचा होतो आणि दहाची दोरी त्याला पेलत नाही. जोडीदाराने लांब दांड्याच्या आकड्याने किंवा हातजाळ्याने त्याला उचलावे. जोडीदार नसेल तर खाली उतरण्यापूर्वी लाट मोजावी, मासा नव्हे.

कोणी म्हणेल, इतकी भीती आहे तर रोध अगदी हलका ठेवावा आणि मासा पुरता थकेपर्यंत तासन्‌तास खेळवावा. हाही चुकीचा मार्ग होय. झुंज लांबली की गळाचे भोक मोठे होते आणि दोरी कोठेतरी घासण्याचा संभव वाढतो. आणि मासा लहान वयाचा किंवा अंड्यांवर आलेला निघाला व त्याला परत सोडावयाचे ठरले, तर अतिशय थकलेला मासा पाण्यात सोडूनही मरू शकतो. म्हणून चांगला गरवणारा कमीत कमी ताण शोधीत नसतो. दोरीला झेपेल तेवढा जास्तीत जास्त ताण धरून झुंज लवकर संपविण्याकडे त्याचे लक्ष असते. तुटलेल्या दोरीची हानी तर दुहेरी आहे. मासा तोंडात गळ आणि मागे लोंबणारी दोरी घेऊन जातो. पूर्वीच्या सुती किंवा तागाच्या दोऱ्या पाण्यात कुजून जात. त्या रोज वाळवाव्या लागत, ही त्या काळची कटकट होती. १९३५ साली अमेरिकेत वॉलेस कॅरोदर्स यांच्या प्रयोगशाळेत नायलॉन तयार झाले आणि पुढे त्याच्या दोऱ्या जगभर गेल्या. कोकणात तिला तंगूस म्हणतात. तंगूस कुजत नाही, हा त्याचा गुण. आणि समुद्रात पडून राहिलेला तंगूस वर्षानुवर्षे कासवांच्या व पक्ष्यांच्या पायांत अडकतो, हा त्याच गुणाचा दोष.

मासा वर आला, टोपलीत गेला किंवा परत पाण्यात गेला, तरी कातळावरच्या माणसाचे काम संपत नाही. तो दोरीचा शेवटचा दोन-तीन वावांचा भाग बोटांच्या नखांमधून सावकाश ओढून पाहतो. डोळ्यांना न दिसणारा ओरखडा नखाला लागतो. तसा लागला की तो तेवढा तुकडा कापून खिशात घालतो, नवी गाठ मारतो, आवळण्यापूर्वी ती तोंडातील थुंकीने ओली करतो, कारण कोरडी गाठ आवळताना घासून तापते आणि तेथेच दुबळी होते. मग हाताने दोन वेळा जोराने ओढून पाहतो आणि पुन्हा आमिष लावतो.